गिन्पूचे बूट

चिझुरूने हवाबंद पिशवी उघडून गिन्पूला टेबलावर ठेवलं, तसा मिझोगुचींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"अरे वा! साहेब बूट घालून आलेत."

नागोयातल्या ओसू बाजाराच्या मागच्या गल्लीत मिझोगुची जुनी खेळणी दुरुस्त करत. चिझुरूच्या बाबांचे ते चाळीस वर्षांचे दोस्त. बाबांना जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते. परवा एकोणपन्नासाव्या दिवसाचा श्राद्धविधी, आणि आईचं एकच म्हणणं होतं: फोटोशेजारी गिन्पू उभा हवा. जुन्या टीव्ही मालिकेतला हा वीतभर उंचीचा प्लास्टिकचा वीर बाबांना सातव्या वर्षी मिळाला होता.

"बूट निघत नाहीयेत, काका."

"चढवले कोणी?"

"मीच, महिन्यापूर्वी. बाबांचे बाराही बाहुले कपाटात अनवाणी उभे होते, बूट खालच्या फळीवर. मला वाटलं, आजारपणात बाबांना घालायला जमलं नसेल. म्हणून सगळ्यांना घातले, आणि धूळ नको म्हणून एकेकाला पिशवीत बंद केलं."

"जमलं नसेल!" मिझोगुची हसले. "इस्पितळातून मला फोन केला होता त्यांनी. बुटांचं रबर चिकट होऊ नये म्हणून सुगंधी पावडर लावली तर चालेल का, विचारत होते."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, चालेल की. शत्रू वासावरून शोधत येतील, एवढंच."

चिझुरूने ओठ दाबून हसू आवरलं.

"तुमच्या घरी चटईवर कोणी बूट घालून येतं का?" मिझोगुचींनी विचारलं.

"नाही."

"मग यांनाच का ही शिक्षा? रबराला तेलकट घाम सुटतो, पोरी. तो आत कोंडला की खालचं प्लास्टिक खातो. म्हणून तुझे बाबा बूट काढून ठेवायचे. ग्रंथालयात एवढी पुस्तकं सांभाळतेस, त्यांना तरी हवा लागू देतेस ना? आधी घरी फोन कर. बाकीच्या पिशव्या उघडायला सांग."

तिने केला. "मी म्हटलं नव्हतं, गुदमरतील म्हणून?" आई पलीकडून म्हणाली, आणि कात्री शोधायला गेली.

मिझोगुचींनी केस वाळवायचं यंत्र अगदी मंद लावलं. गरम हवेने रबर सैल पडलं आणि उजवा बूट चिकट आवाज करत निघाला. आतला पाय चोखलेल्या गोळीसारखा गुळगुळीत झाला होता, पण धड होता. डावा मात्र हलेना. दुसऱ्यांदा ऊब दिल्यावर गुडघ्यापाशी प्लास्टिक पांढरं पडू लागलं. त्यांनी यंत्र बंद केलं.

"आता ओढलं तर पाय मोडेल. मोडलेला पाय मी जोडेन, पण त्यावर हा उभा राहील असं नाही सांगत. नाहीतर बूट कापावा लागेल. आणि असा बूट आता कुठे मिळायचा नाही."

"बाबांनी काय केलं असतं?"

"त्यांनी बूट घातलेच नसते."

तिने हात पुढे केला. "पातं द्या. मी कापते."

"पाय सांभाळ हं."

"सांभाळते."

टाचेपासून वर तिने केसभर केसभर चीर दिली. रबर उकललं, तसं मिझोगुचींनी तोंड फिरवलं, दात काढताना पोराचा बाप फिरवतो तसं. पाय अख्खा निघाला. गिन्पू टेबलावर जरा डुलला, आणि उभा राहिला.

मिझोगुचींनी कापलेला बूट कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला. "तुझे बाबा असते ना, तर महिनाभर माझ्याशी बोलले नसते."

"आणि माझ्याशी?"

त्यांनी उरलेल्या बुटात पावडर टाकली, बोटाने आत फिरवली.

"तुला म्हणाले असते, काही बिघडलं नाही, बाळ. आणि महिना सरल्यावर इथे येऊन दिवसभर माझं डोकं खाल्लं असतं."

चिझुरूने मान हलवली. तिथलंच एक स्टूल ओढून ती बसली.

"खाऊ द्या की, काका," ती म्हणाली. "अजून काय काय म्हणाले असते, सांगा."