म्युगेचं पाणी

सोलीननं बोक्याचा ओठ वर करून पाहिला. लाळेची तार थेट जाजमापर्यंत लोंबत होती. बिस्कॉत सकाळपासून ओकत होता आणि आता उभंही राहवत नव्हतं त्याला.

"केसांचा गोळा अडकला असेल," तिचे सासरे रेमों कॉफी पीत म्हणाले. "तुझा आपला राईचा पर्वत!"

तिनं बोक्याच्या छातीला तळवा लावला. ठोके रेंगाळत होते, मध्येच चुकत होते. मग तिची नजर खिडकीतल्या फुलांच्या ग्लासाकडे गेली. पाणी निम्म्यावर आलं होतं.

मे महिन्याची पहिली तारीख. आज ज्याच्या त्याच्या घरात शुभ म्हणून म्युगेची पांढरी घंटाफुलं. नान्त शहराबाहेरच्या शेतात रेमोंनी जन्मभर तीच पिकवली. पोटच्या पोराला नावं ठेवलेली त्यांना चालत, या फुलाला नाही.

"बाबा, यानं फुलांचं पाणी प्यायलंय."

"मग? माझ्या म्युगेनं आजवर कुणाचं वाईट केलं नाही!"

"माणसांना शुभ असेल. मांजराचं हृदय बंद पाडतं ते. गाडी काढा."

"आज सुट्टी आहे. उद्यापर्यंत वाट बघू."

"उद्या पुरायला न्यावं लागेल," ती म्हणाली. सुट्टीच्या दिवशीही येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना तिनं फोन लावलाही होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं यानं? सोलीननं सासऱ्यांकडे पाहिलं आणि ती घुटमळली. रेमोंनी डोक्यावरची टोपी काढली.

"म्युगे," ते म्हणाले. "माझ्याच शेतातलं."

दुपार कलता कलता निरोप आला. ठोके सुधारले होते, बोका वाचला होता. रेमों तोवर रस्त्याकडेला फुलं विकायच्या आपल्या टेबलाशी जाऊन बसले होते. वर्षाची विक्री या एकाच दिवसाची. एका बाईनं सगळ्यात टपोरी जुडी उचलली.

"घरी मांजर आहे?"

"आहे की. का हो?"

रेमोंनी जुडी तिच्या हातून काढून घेतली आणि शेतातल्याच मुळ्यांची पेंडी तिच्या हातात ठेवली.

"अहो, पण आजच्या दिवशी मुळे कुणी देतं का?"

"आमची सून द्यायला लावते," ते म्हणाले, शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "डॉक्टरांच्या आधी ओळखलं तिनं! तिलाच विचारा."