घरी आलेलं गलबत

आश्विन उजाडला आणि आभाळाने आपली निळाई पुन्हा अंगावर घेतली. पावसाळाभर गढुळलेला, गुरगुरणारा समुद्र निवळला. पाचूच्या रंगाचा झाला, साळसूद झाला. माडांच्या झावळ्यांतून कोवळं, केशरकांत ऊन गळू लागलं. टेकडीवरच्या छोट्याशा सागरसंग्रहालयाच्या खिडकीखाली ते पाणी असं लखलखू लागलं, की जणू याने कधी कुणाचं काही घेतलंच नसावं.

घेतलं होतं. खूप घेतलं होतं. हा समुद्र मोठा हावरट आहे, आणि त्याच्या निळाईला भुलणाऱ्यांतला मी नव्हे.

दोनशे वर्षांपूर्वी एका वादळात त्याने एक गलबत गिळलं. शिडं गिळली, डोलकाठी गिळली, दोर गिळले, माणसं गिळली, माणसांची नावंसुद्धा गिळली. वाळूत रुतून उरली ती फक्त नाळ: गलबताच्या अगदी पुढचं, लाटा चिरत जाणारं, बाकदार सागवानी लाकूड. बारा हात उंचीचं, काळंभोर. पाणबुड्यांनी ते वर आणलं, त्याला या आश्विनात सात वर्षं झाली.

सात वर्षं ते लाकूड वसुधा तांडेलने सांभाळलं. बुडालेल्या वस्तूंना जगवणं हे संग्रहालयातलं तिचं काम. आणि घराणं म्हणाल तर समुद्रावरचं. तिचे पणजोबा असेच एका वादळात गेले होते. घरच्यांना त्यांच्या होडीची एक ढलपीही मिळाली नाही. या लाकडाला ती जिवापाड जपत होती, ते उगाच नव्हे.

आणि तरी पहिल्याच दिवशी तिच्या हातून चूक झाली होती. नाळेसोबत एक फळी वर आली होती. आनंदाच्या भरात तिने ती अर्धा तास उन्हात ठेवली; गावाने पाहावी म्हणून, फोटो निघावा म्हणून. खाऱ्या अंधारात दोनशे वर्षं टिकलेली फळी चार दिवसांत तडकली, आक्रसली, भुसभुशीत झाली. तिचा चुरा वसुधाने लोणच्याच्या बरणीत भरला आणि टेबलावर ठेवला. ती बरणी अजून तिथेच आहे.

मग सुरू झालं नाळेचं न्हाण. तीन वर्षं हौदात, गोडं पाणी. पाणी बदलत गेलं, लाकडातला खार थेंबाथेंबाने सुटत गेला. तीन वर्षं कोमट मेणपाणी. जिथे जिथे समुद्र मुरला होता, तिथे तिथे मेण मुरत गेलं. आणि अखेरचं वर्ष ओल्या कापडांखाली वाळणं, सावकाश, अगदी सावकाश. धो धो पावसात, भर वैशाखात, स्वतःच्या तापातून उठून वसुधा हौदाशी येई, हात बुडवून विचारी, "कशी आहेस गो?" लोक हसत. हसोत बापडे.

आज नाळ उभी राहायची होती.

पण काल, लाकूड पुरतं वाळल्यावर, शेवटची तपासणी करताना तिची लाकडी हातोडी अडखळली. टण्, टण्, टण् असा भरीव, घंटेसारखा आवाज येत होता, आणि बुडापासून पाच हातांवर तो एकाएकी बदलला. डब्. तिने पुन्हा ठोकलं. डब्. आत पोकळी होती. पोकळी म्हणजे कूज, हे ती शिकली होती, इतरांना शिकवत आली होती. तिने काही लपवलं नाही. जाऊन संचालकांना सांगितलं आणि परत येऊन बरणीकडे बघत बसली.

संचालक डॉ. अच्युत रेगे सज्जन माणूस. सकाळी आले ते खालच्या मानेने.

"तांडेलबाई, आतून कुजलं असेल तर उभं करता येणार नाही. इथे शाळांची मुलं येतात. पोकळीखाली कापू, दोन तुकडे करून आडवे ठेवू. मला तरी कुठे बरं वाटतंय?"

वाटत नव्हतंच. पण बाकावर करवत ठेवलेली होती, आणि तिच्या दात्यांवर ते साळसूद ऊन खेळत होतं. सात वर्षांचं न्हाण आज करवतीखाली संपणार होतं.

तेवढ्यात भिवा मेस्त्री आले. ऐंशीचं वय, सुंभासारखी वळलेली काया, खांद्यावर दोर. पिढ्यान् पिढ्या गलबतं बांधणारं त्यांचं घराणं. नाळ उभी करायची म्हणून त्यांना चार गडी घेऊन बोलावलेलं होतं. करवत पाहून त्यांच्या भुवया चढल्या.

"मेस्त्र्यांनू," वसुधा म्हणाली, "जरा कान लावून बघा."

मेस्त्रींनी हातोडी घेतलीच नाही. बोटाच्या पेराने टकटक केली, गाल लाकडाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग त्या काळ्याभोर अंगावरून त्यांचा अंगठा फिरत गेला आणि एका जागी थबकला. पटाशीच्या टोकाने मारलेले तीन बारीक ठिपके होते तिथे. सात वर्षं वसुधा ते पाहत आली होती आणि किड्यांची भोकं समजत आली होती.

म्हातारा हसला. बोळकं भरून हसला.

"ह्या कुजलेला नाय गो बाय. माका आदी कित्याक नाय इचारलंस? ही आमची खूण. नाळ उभी करूच्या आदी आमी तिच्यात कोनाडो कोरतव. गलबतवाल्याची बाईल आत हळद-तांदूळ ठेवता. मगे राळ ओतून लाकडाचा बूच मारतव. ता कोणाक सांगूचा नसता."

"मग उघडतात कधी?" रेग्यांनी विचारलं.

"गलबत अखेरचा घराक इला काय. घरची बाईल उघडता."

कुठलं घर, कुठली बाई? त्या घराचं नावसुद्धा समुद्राच्या पोटात होतं. मेस्त्रींनी वसुधाकडे पाहिलं.

"सात वर्सां तिका न्हाऊक घातलंस, मेण पाजलंस. आता घरची बाईल आणखी खंय शोधतंस? तूच उघड."

वसुधा रडली. सगळ्यांदेखत रडली, मग हातमोजे चढवले आणि सुरी घेतली. मेस्त्री सांगत गेले, ती कोरत गेली. राळेचा कण न् कण सुटत गेला. ऊन खिडकीतून पुढे सरकत गेलं. रेग्यांनी हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली. दुपार कलता कलता बूच हललं. अंगठ्याएवढं, सागवानी. ते तिच्या तळहातावर आलं आणि मागे उरला एक मूठभर अंधार.

तिने आत बोट घातलं.

"कोरडं," ती म्हणाली. "कोरडं आहे!"

कोरडं! दोनशे वर्षं वरून लाटा, खालून वाळू, चहूबाजूंनी खारट, अथांग, हावरट पाणी. आणि मधोमध मूठभर कोरडी जागा. सगळं गिळणाऱ्याला तेवढी गिळता आली नाही. पोकळ आवाज कुजीचा नव्हताच. समुद्र आत शिरला नव्हता, त्याचा तो आवाज होता.

चिमट्याने तिने एकेक बाहेर काढलं. तांदळाचे सात दाणे. लाल कापडाची चिंधी. आणि एक हळकुंड, सुरकुतलेलं, करंगळीएवढं. हातमोज्याच्या बोटावर त्याची पूड उतरली. पिवळी! कुण्या एका बाईने आपला माणूस परत यावा म्हणून ठेवलेली हळद, अजून पिवळीधमक. माणूस परतला नाही. तिची हळद परतली.

रेग्यांनी स्वतःच्या हाताने करवत उचलली आणि कपाटात ठेवून आले. परत येऊन त्यांनी कोटाच्या बाह्या सारल्या आणि निमूट दोराला हात घातला.

"हैय्या!" मेस्त्रींनी आरोळी दिली.

दोर ताणले, कप्प्या करकरल्या, चार गडी, एक संचालक आणि एक तांडेलाची लेक मागे रेलली. आणि नाळ उठली. हातभर उठली, पुरुषभर उठली, अंगावरून मावळतीचं सोनं निथळत निथळत उठली. कुठे तडा नाही, कुठे कण्हणं नाही. खिडकीकडे छाती करून, बाराच्या बारा हात, ती उभी राहिली.

खाली समुद्र होता. तो आला, खडकांवर आपटला, मागे गेला. पुन्हा आला, पुन्हा मागे गेला. वर नाळ उभी होती. तिच्या पायाशी वसुधा उभी होती, बोटावर हळद घेऊन. गलबत घरी आलं होतं.