विस्थापितांची एकच जागा

यादीकाका रक्त तपासायला आले तेव्हाच सुईताईने ओळखलं, की हा ताकाला येऊन भांडं लपवायचा प्रकार आहे. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा सख्खा पुतण्या डॉक्टर. त्याने नुसती मान हलवली असती, तरी कुणीतरी घरी जाऊन काकांचं रक्त घेऊन आलं असतं. पण नाही, काका टोकन घेऊन गरीब गाईसारखे बाकावर बसले होते. त्यांच्या आधी अठरा जण होते. त्या अठरांपैकी एकाचंही रक्त घेताना सुईताईने घाई केली नाही.

विस्थापितांच्या वस्तीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. जिची सुई टोचलेली कळत नाही ती सुईताई, आणि अठरा वर्षांपूर्वी ज्यांच्या काखोटीला गावाची यादी होती ते यादीकाका. खाणीने गाव गिळायचं ठरवलं, तेव्हा विस्थापित कुणाला म्हणायचं ते लिहून घ्यायला साहेबलोक आले. कुठलं घर कुणाचं हे साहेबांना काय ठाऊक? काका पुढे चालायचे, बोट दाखवायचे आणि साहेब लिहायचे. सदतिसाव्या घरापाशी काका म्हणाले, घर बंद आहे, इथे कुणी राहत नाही. बंद होतं हे खरंच. त्या घरातली बाई शहरातल्या दवाखान्यात बाळंत होत होती, नवरा आणि बारा वर्षांची मुलगी तिच्या उशाशी होती. आणि त्यांना तिकडे पोचवायला जीप कुणी ठरवून दिली होती? यादीकाकांनीच. मग सदतिसाव्या ओळीत काकांच्या भावाचं नाव लागलं. हा भाऊ काकांच्याच घरात राहत होता, एका चुलीवर जेवत होता, पण कागदावर त्याला रातोरात वेगळं घर झालं. कुंपणाने शेत खाल्लं आणि ढेकरसुद्धा दिला नाही.

त्या बाळंतपणात धाकटी जन्मली. आई फार दिवस टिकली नाही. बारा वर्षांची थोरली अठराची झाली, तिने मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली आणि चारशे एकतीस गुण मिळवले. विस्थापितांसाठी राखलेल्या एकुलत्या एका जागेला त्या वर्षी चारशे अठरा पुरले. ते चारशे अठरा काकांच्या पुतण्याचे होते. चारशे एकतीसवालीचं नावच यादीत नव्हतं. बापाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे दोन वर्षांनी ‘नजरचुकीने राहून गेले’ असा शेरा मारून नाव चढलं. त्याच वर्षी बाप गेला.

थोरली तोवर लॅबचा डिप्लोमा करून सुईताई झाली होती. पुतण्या डॉक्टर होऊन आला, तेव्हापासून ती रोज त्याच्या चिठ्ठ्या वाचत होती. अक्षर असं की कोंबडीने उकरलेलं बरं. कधीकधी तो तपासणीही चुकीची लिहायचा, मग सुईताई वर फोन करून गोड आवाजात ती दुरुस्त करून घ्यायची, कारण रोग्याचा त्यात काय गुन्हा? पण फोन ठेवला की तिचे दात आपोआप आवळले जायचे. बारा वर्षं ती डूख धरून होती, आणि वस्तीतल्या कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

एकोणिसावं टोकन पुकारलं. काकांनी बाही वर केली. सुईताईने दंडाला रबरी पट्टा बांधला आणि पहिल्याच प्रयत्नात शीर धरली. दुखलं म्हणायचं सुखसुद्धा तिला त्यांना द्यायचं नव्हतं.

नळीत चढणाऱ्या रक्ताकडे बघत काकांनी आधी हवापाण्याची चौकशी केली, मग धाकटीचं कौतुक केलं. मेडिकलच्या परीक्षेत पाचशे शहाण्णव म्हणजे चेष्टा आहे काय, वस्तीत आजवर कुणाला पडले? मग गाडी रुळावर आली. त्यांच्या मुलीला पाचशे एक्केचाळीस होते. विस्थापितांमध्ये धाकटी पहिली, ती दुसरी, आणि जागा एकच. पण धाकटीचे गुण इतके होते, की खुल्या यादीतली शेवटची जागासुद्धा तिच्यापर्यंत पोचत होती. कॉलेज तेच, वर्ग तोच, बाकही तेच. कुठल्या रकान्यातून बसायचं ते तिने उद्या प्रवेशाच्या टेबलापाशी सांगायचं, एवढाच नियम. ती खुल्यातून बसली, की विस्थापितांची जागा काकांच्या मुलीला.

“तुमचं काहीच जात नाही, पोरी,” काका म्हणाले. “एक शब्द फक्त. माझीची ही तिसरी परीक्षा. तीनच देता येतात.”

“सदतिसाव्या घरात माणसं राहतात एवढं सांगायला तुमचं काय जात होतं, काका?”

काकांचा हात खुर्चीवर थोडा हलला. सुईताईने सुई हलू दिली नाही.

“माझं चुकलं असेल,” ते म्हणाले. “पण त्यात माझ्या मुलीचा काय दोष?”

“माझा होता?” सुईताईने सुई काढली आणि कापूस ठेवला. “दाबून धरा. रिपोर्ट संध्याकाळी. बाकीचं उद्या.”

त्या संध्याकाळी ती गुणगुणत घरी आली. धाकटी जमिनीवर बसून मूळ कागद फायलीत लावत होती. उद्या टेबलापाशी विस्थापित म्हणायचं, असं सुईताईने सांगितल्यावर धाकटीचा हात थांबला. ती म्हणाली, वस्तीला दोन डॉक्टर मिळत असताना एकच कशासाठी? आपली सुटलेली खुली जागा शहरातल्याच कुणाला तरी जाईल.

जाऊ दे, सुईताई म्हणाली. साठ घरांपैकी एकाने जरी तेव्हा म्हटलं असतं, की अहो, ही माणसं दवाखान्यात गेली आहेत, येतील परत! सगळे मूग गिळून बसले. त्यांना दोन डॉक्टर हवेत कशाला, एकातच भागवा म्हणावं.

“ती माझ्याबरोबर अभ्यासिकेत बसते, ताई,” धाकटी म्हणाली. “मी आजारी होते तेव्हा तिने सगळी टिपणं मला उतरवून दिली.”

तेव्हा सुईताईने जे हत्यार आजवर कधी काढलं नव्हतं ते काढलं. आईबापाच्या माघारी तुला कुणी वाढवलं, असं तिने विचारलं. धाकटीने मान खाली घातली आणि कागद पुन्हा लावायला घेतले. सुईताईला लाज वाटली, पण शब्द मागे घेण्याइतकी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा हॉल माणसांनी फुलला होता. समोरच्या पडद्यावर जागा एकेक करून कमी होत होत्या आणि दर आकड्याला कुठल्यातरी रांगेतून उसासा निघत होता. काका आणि त्यांची मुलगी दोन रांगा पुढे बसली होती. मुलीच्या मांडीवर फाईल होती, आणि ती फाईलचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

धाकटीचा क्रमांक लागला. कारकुनाने विचारलं, खुला की विस्थापित? धाकटीने वळून मागे पाहिलं. सुईताईने मान डोलावली.

“विस्थापित,” धाकटी म्हणाली.

कारकून भला माणूस असावा. त्याने चष्मा वर करून, खुली मिळतेय हे ठाऊक आहे ना, असं दोनदा विचारलं. धाकटीने दोनदा होकार दिला. पडद्यावर विस्थापितांपुढे शून्य आलं. खुल्यातून पुढचा क्रमांक पुकारला गेला आणि कडेच्या रांगेतला एक सुटाबुटातला बाप उडालाच. वरच्या कुणीतरी जागा सोडली, नशीब बघा, असं तो फोनवर सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगत सुटला.

खोटं कशाला सांगा, सुईताईला आनंद झाला. धाकटीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता इतका झाला. काकांची पाठ वाकलेली तिला मागून दिसत होती आणि ती डोळे भरून बघत होती. आता ते येतील, रडतील, नाहीतर शिव्या देतील. काहीही चाललं असतं. सगळ्याला तिच्याकडे उत्तर तयार होतं.

काका आले नाहीत. ते मुलीच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि मुलगीच फाईल छातीशी धरून आली. डोळे लाल होते, पण आवाज नीट होता.

“ताई, लॅबच्या डिप्लोम्याचा फॉर्म कुठे मिळतो हो?”

“लॅबचा?” सुईताईने विचारलं.

“आज शेवटची तारीख आहे. बाबा म्हणाले, सुईताईंना विचार. मेडिकल हुकल्यावर कुठे जायचं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.”

सुईताईने वर पाहिलं. काका खांबापाशी उभे राहून सरळ तिच्याकडे बघत होते. मुलीला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. बापालाच विचार, तुझा बाप कोण आहे ते विचार, हे शब्द सुईताईच्या जिभेच्या टोकावर आले. बारा वर्षं तिथेच तर होते.

“मागची इमारत,” ती म्हणाली. “जिन्याखाली चौथी खिडकी. चारपर्यंत लिहिलंय, पण तो माणूस पावणेचारलाच उठतो. गुणपत्रिकेची प्रत लागेल आणि दोन फोटो.”

मुलीने फाईल उघडून चाचपली. “फोटो एकच उरलाय.”

“हॉलतिकिटावरचा काढ. त्याचं आता काही काम नाही.”

मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली आणि नखाने फोटोचा कोपरा उचकटू लागली. कागद फाटायला लागला. सुईताईने हॉलतिकीट तिच्या हातातून काढून घेतलं, तोंडाची वाफ देऊन डिंक मऊ केला आणि चारही कडा सांभाळत फोटो अख्खा सोडवला. आयुष्यात हे काम तिने एकदाच केलं होतं, बारा वर्षांपूर्वी, पण हात विसरला नव्हता.