दर्शनाच्या गणवेशावरचं उलटं घड्याळ

अरे, थांबा ना, आधी फक्त ऐका! मध्ये कोणी बोलू नका, नाहीतर मी काहीतरी विसरेन.

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. भिंतीवरचं नाही, मनगटावरचं पण नाही. नर्सच्या गणवेशावर पिनेने लावतात ना, ते. आणि मी उलटा लटकतो बरं का! समोरच्याला माझे आकडे डोक्यावर उभे दिसतात. पण जिच्या गणवेशावर मी असतो, तिने मान खाली केली की एकदम सरळ. म्हणजे मी फक्त तिचाच.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला. तिथल्या एका छोट्या कारखान्यात आम्हाला जुळवायचे, आणि कोपरचे दामाजी तिथे पॅकिंगला होते. त्यांची मुलगी दर्शना नर्सिंग शिकत होती. तिच्या शपथेच्या दिवशी सगळ्या मुली हातात दिवे घेऊन उभ्या होत्या. दामाजींनी मला तिच्या गणवेशावर लावलं, पण डोळे तिच्या तोंडावरून हटेनात, आणि पीन त्यांच्याच बोटात घुसली.

"बाबा, रक्त आलं!"

"येऊं दे. आता नर्स हाय ना घरात."

मग पदवी झाली, कल्याणच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. काय दिवस होते ते! मोठ्या सिस्टर सांगायच्या, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, पूर्ण साठ सेकंद. दर्शनाची बोटं पेशंटच्या मनगटावर, डोळे माझ्या लाल काट्यावर. एकदा एक आजोबा म्हणाले, "घड्याळ बघतेस का माझी नाडी?" ती म्हणाली, "दोघांचं जमतंय का ते बघते, आजोबा." सगळा वॉर्ड हसलेला.

मग शीळफाट्याजवळच्या गावातल्या मितेशशी तिचं लग्न झालं, मुलगी झाली, दक्षता, आणि नोकरी सुटली. मी गेलो बांगड्यांच्या डब्यात. सात वर्षं! सेल संपला, काटे चार वाजून वीस मिनिटांवर थांबले. बांगड्या सणासुदीला बाहेर जायच्या, मी तिथेच.

मितेश कामाला मस्कतला गेलेला. एक दिवस त्याचा फोन आला, "तुम्ही दोघी इकडेच या. पण इथे नर्स व्हायचं तर लायसन्सची परीक्षा द्यावी लागेल." पदवी होऊन दहा वर्षं झालेली! तरी तिने मला बाहेर काढलं, नवीन सेल घातला, आणि पहिल्यांदा काय केलं माहितीये? स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजलं. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

दीडशे प्रश्न, तीन तास. दक्षता शाळेत असली की ती बारा वाजता ओटीवर सरावाचा पेपर सोडवायला बसायची. मोबाईल आतल्या खोलीत. मी सासूबाईंच्या, ठमाबाईंच्या हातात. "आई, तीन वाजले की सांगा हां." पहिल्या दिवशी वीस प्रश्न राहिले. "माझ्याच्याने नाही होणार, आई. डोकं गंजलंय."

ठमाबाईंनी ते ऐकलं. आणि दुसऱ्या दिवसापासून, तीन वाजत आले की त्या गुपचूप माझी बारकी चावी ओढायच्या आणि काटे वीस मिनिटं मागे! पेपर संपला, दर्शना आत गेली, की काटे परत पुढे. तिला वाटायचं, टायमात झालं. आनंदाने सासूला मिठी मारायची. आणि मी? वॉर्डात एक सेकंद खोटा न बोललेला मी, रोज खोटं बोलत होतो.

परीक्षेला आठ दिवस राहिले आणि मी ठरवलं. ठमाबाईंनी चावी ओढली, काटे मागे नेले, अडीच वाजवले. पण चावी परत आत बसूच दिली नाही मी. अडलो. माहीत होतं, बंद पडलो तर पुन्हा डब्यात. पडलो तरी!

दर्शनाचा पेपर संपला. "आई, अडीचच? अर्धा तास आधी?" मितेशला सांगायला मोबाईल आणायला धावली. मोबाईलमध्ये तीन वीस.

"मीच काटं फिरवलं, पोरी. तुजा तोंड बघवत नव्हता मना."

"अहो, मी नापास झाले असते ना!"

"नापास झाली अस्ती तं रायली अस्ती ना इथं..." ठमाबाईंनी पटकन तोंडावर हात ठेवला. "नाय नाय, तसा नाय बोलाचा होता मना."

मग दोघी रडल्या. दुसऱ्या दिवसापासून मोबाईलचा टायमर ठमाबाईंच्या हातात, आणि त्या दर्शनाकडे पाठ करून बसलेल्या. "तुजा तोंड दिसला का हात वळवळतं."

परीक्षा ठाण्याला होती. मी बंद, तरी तिने मला ओढणीवर लावलंच. दारात वॉचमन म्हणाला, "मॅडम, घड्याळ आत चालत नाही." ती म्हणाली, "हे बाहेर पण चालत नाही, दादा." मग मी लॉकरमध्ये, कुणाच्या तरी चाव्यांशेजारी. चार तासांनी ती आली, मला मुठीत घेतलं आणि हळूच म्हणाली, "सात मिनिटं उरली होती."

पास झाली! मस्कतला जायच्या आधी तिने मला माहेरी कोपरला नेऊन दुरुस्त करून घेतलं आणि ठमाबाईंच्या पदरावर लावलं. "आता खरी वेळ ठेवा, आई."

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुनं घड्याळ डब्यात टाकू नका. आमच्यात अजून खूप मिनिटं असतात.

पण काल काय झालं ऐका. दुपारी तीनला ठमाबाईंनी परत माझी चावी ओढली. मी असला तापलो! परत तेच? काटे मागे, मागे, थेट दीडवर. मग चावी आत दाबली, मान खाली करून माझ्याकडे बघितलं. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे ना.

"आता पोर शालंशी घरा आली असल," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

शीळला तीन वाजले होते आणि मी दीड दाखवत होतो. अडता आलं असतं मला. नाही अडलो. टिकटिक करत राहिलो.

खरं सांगा, तुम्ही काय केलं असतंत?