आपोआप लागणारा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी शिकाऊ बस आहे. माझ्या कपाळावर लाल रंगात मोठा 'एल' काढलेला आहे. तो दिसला की तलासरीच्या बाजारातले लोक रस्ता सोडून थेट दुकानांच्या ओट्यांवर चढतात. एवढा मान एखाद्या पुढाऱ्याच्या गाडीलाही मिळत नसेल. या मानामागे भीती आहे, हे मला कळतं. फक्त ते चुकीच्या गाडीला भितात. का, ते सांगते.

तरुणपणी मी सागर-डोंगर बस सेवेत डहाणू ते चिखले फेऱ्या मारायचे. टपावर चिकूच्या पेट्या, पायऱ्यांवर मासळीच्या टोपल्या. लोक माझी स्तुतीही करत. म्हणजे मी वेळेवर आले की कोणी काही बोलत नसे. आमच्याकडे स्तुती तीच. पुढे टप गळू लागला, सीटमधला काथ्या उंदरांनी नेला. मग साहेबांनी ठरवलं, ही आता माणसं वाहायच्या लायकीची राहिली नाही, हिला शिकवायला घ्या.

शिकवण्यासाठी मला ब्रेकचं एक जास्तीचं पेडल बसवलं. एक पेडल चालवणाऱ्याच्या पायाखाली, दुसरं डावीकडे शिकवणाऱ्याच्या पायाखाली. दोन्ही एकाच दांड्याने जोडलेली. डावं दाबलं की उजवंही खाली जातं. पुढचं सगळं या दांड्यामुळे घडलं.

माझे प्रशिक्षक नविन सर. मऊ आवाजाचा माणूस. बाकीचे प्रशिक्षक शिकाऊंचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार करत, तर सर 'सावकाश रे बाळा' एवढंच म्हणत. त्यांच्या हाताखाली कोणी घाबरत नसे, कोणी नापास होत नसे. आणि मला मात्र भर उन्हात कापरं भरायचं. कारण समोर म्हैस आली किंवा वळण आलं की सरांचा पाय हळूच खाली जायचा. शिकाऊचा पाय आपल्या पेडलवर नुसता टेकलेला असायचा. पेडलच त्याला घेऊन खाली जायचं. शिकाऊला वाटायचं, आपणच ब्रेक लावला. सरांनाही वाटायचं, यानेच लावला. सर खोटं बोलत नव्हते, मित्रांनो. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा पाय त्यांना न विचारता काम करत होता. खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. आणि मला तोंड म्हणजे हॉर्न. तो दुसऱ्या कोणी दाबल्याशिवाय वाजत नाही.

दर महिन्याला तलासरीला आमच्या बस आगाराच्या आवारात सगळ्या प्रशिक्षकांची बैठक भरते. आपली युक्ती सांगायची, दुसऱ्याची घ्यायची, चहा प्यायचा. चिखल्याच्या दीपेश सरांनी तिथे चिकूची परीक्षा काढली. माझ्या इंजिनच्या झाकणावर पिकलेल्या चिकूंचं ताट ठेवायचं आणि शिकाऊने मला मागच्या टेकडीवरून फाटकापर्यंत उतरवायचं. ताटातून चिकू पडला, तर त्याच्या प्रशिक्षकाने सगळ्यांना भजी खाऊ घालायची. बाकीच्यांचे चिकू माझ्या फरशीवर चेंदामेंदा होत. नविन सरांच्या शिकाऊचा चिकू जागचा हलतही नसे.

"काय जादू करता हो?" दीपेश सर विचारत.

"जादू कसली? ओरडायचं नाही. पोरं आपोआप शिकतात."

हे 'आपोआप' सगळ्यांनी मनावर घेतलं. एकेक जण नविन सरांच्या मागे बसून त्यांची पद्धत बघू लागला आणि शब्दांबरोबर त्यांचा पायही उचलून गेला. बैठकीगणिक चिकू पडायचे कमी झाले. मग भिंतीवर 'शंभर टक्के उत्तीर्ण' असा फलक लागला. भजीवाला सोडून सगळे खूश होते. आणि उत्तीर्ण झालेली पोरं, डोक्याला तेल लावून, देवाला नारळ फोडून, एकाच पेडलच्या गाड्यांवर जाऊ लागली.

यंदा जानीताई नव्या प्रशिक्षक म्हणून आल्या. आधी त्यांनी बरीच वर्षं टेम्पो चालवला होता. त्या दिवशी बैठकीत चिमण नावाच्या पोराची परीक्षा होती. दुसऱ्या दिवसापासून त्याला गाडी मिळायची होती, घरी पाहुणेही बोलावून झाले होते. परीक्षेआधी जानीताई त्याच्याबरोबर एक फेरी मारून आल्या. नविन सर शेजारी होतेच.

"चिमण, ब्रेक कसा वाटतो रे?"

"लोण्यासारखा, ताई. पाय ठेवला का लागतो."

"ठेवला का? दाबावा नाही लागत?"

"सर शिकवतात तेव्हा कशाला दाबावा लागेल?"

जानीताई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या जुन्या टेम्पोचा भोंगा आणला, गाडी मागे घेताना 'टीं टीं' करतो तो. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "सर, माझीपण एक युक्ती. हा तुमच्या पेडलला जोडते. तुम्ही ब्रेक लावला का वाजेल. पोराला कळेल, आपली चूक कुठे झाली."

"जोडा की," नविन सर म्हणाले. "पण वाजणार नाही हं. चिमणबरोबर मी नुसता बसायला असतो."

आम्ही टेकडीवरून निघालो. पहिल्या वळणावर टीं टीं झालं.

"वायर ढिली असेल," सर म्हणाले.

पुढे शेळ्या आल्या. टीं टीं. उतार वाढला तसा भोंगा थांबेचना. फाटकाशी येईपर्यंत तो माझ्या पोटात एकसारखा रडत होता. चिकू सगळे ताटात होते. नविन सर आपल्या पायाकडे बघत होते, जणू परक्याचं कुत्रं घरात येऊन बसलंय.

"चिमण, उद्या तू गाडीवर जायचं नाही."

"पण सर, चिकू कुठे पडला?"

जानीताईंनी हळूच विचारलं, "सर, याच्या आधीची पोरं कुठे आहेत?"

"गाडीवर."

आणि त्याच वेळी टेकडीवरून हॉर्न ऐकू आला. दुपारची उधवा गावाहून येणारी गाडी. बाजाराला येणाऱ्या बाया आणि शाळेची पोरं घेऊन ती रोज हाच उतार उतरते. तिच्यावर लक्ष्या होता, नविन सरांचा सगळ्यात लाडका शिष्य.

सर खाली उडी मारून फाटकाकडे धावले. धावून काय करणार होते, कोण जाणे. वळणावर धूळ उठली. गाडी एका अंगावर कलली, सावरली, फाटक मागे टाकून गेली, आणि किंचाळत पानटपरीच्या बाकड्याला नाक लावून उभी राहिली. बाकड्यावरचा माणूस कधीच पळाला होता. त्याला रोजची सवय असावी.

लक्ष्या हसत खाली उतरला. "बरं झालं सर, तुम्हीच भेटले. या गाडीचा ब्रेक खराब आहे. पाय ठेवला तरी खाली जात नाही, दाबावा लागतो. वर्कशॉपला किती वेळा बोललो. ते बोलतात, ब्रेक ठीक आहे."

नविन सरांनी हात पुढे केला. "चावी दे, लक्ष्या."

"काय चुकलं, सर?"

"तुझं काही नाही."

गाडीतून रखमी म्हातारीने डोकं बाहेर काढलं. "आन् आमाला बाजारात कोन सोडल?"

"मी सोडते, मावशी," जानीताई म्हणाल्या आणि चढल्या.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माझे टायर जपा, माझा टप जपा, पण त्याआधी शिकणाऱ्याला त्याची चूक त्याच्याच पायाने करू द्या, जोवर शेजारी कोणी बसलेलं आहे तोवर. शेजारची जागा एक दिवस रिकामी होते. उतार मात्र तिथेच असतो.

एव्हाना आवारात सगळ्या प्रशिक्षकांनी खिशातून फोन काढले होते. जो तो आपापल्या जुन्या शिकाऊला लावत होता. दीपेश सर तर दोन फोन दोन कानांना लावून उभे होते. सगळीकडे रिंग जात होती. उचलत कोणीच नव्हतं. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही एक गोष्ट आम्ही त्यांना अगदी नीट शिकवली होती.