चार एक्सएलची काळी पँट

मी एक पँट बोलतेय. व्यायामाची, काळी, मापाने चार एक्सएल. मला कुणाची कीव नको. माझी तक्रार आहे, ती तेवढी ऐकून घ्या.

माझा जन्म कपड्यांच्या कारखान्यात झाला. तिथे मोठी मापं कशी निघतात, सांगते. आधी बारीक मुलीच्या अंगावर एक पँट बेततात. मग तोच कागदी नमुना चहूबाजूंनी वाढवत नेतात. जणू जाड बाई म्हणजे फुगवलेली बारीक बाई! माझी कंबर वाढली, लांबीही उगाच वाढली. दोन पायांच्या मधला तुकडा मात्र तळहाताएवढाच राहिला.

मला शिवणारी बाई स्वतः अंगाने भरलेली. तिने मशीन थांबवलं. "मास्तर, ही खाली बसताना उसवणार. मी घालून दाखवू का?"

"तू घालून मिरवलीस तर मशीनवर कोण बसेल?" कटिंग मास्तर हसले. "नमुना पास झालाय. शिव गपचूप."

दुकानात मला बारीक पुतळ्यावर चढवलं आणि पाठीमागे चिमटे लावले. समोरून मी अगदी झोकदार दिसत होते.

मला घेतलं ते वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी. त्यांचे गुडघे कुरकुरत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाय हलते ठेवा, नाहीतर वर्षभरात जिना बंद." आणि घर तिसऱ्या मजल्यावर! लेकीने व्यायामाच्या वर्गात त्यांचं नाव घातलं.

"अगं, या वयात असली घट्ट पँट? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दुसरे उद्योग नाहीत का? आई, आरशात बघ तरी."

मावशी लाजल्या. मग हळूच एक पाय उचलून पाहिला. "हलकं वाटतंय की गं!"

चौदा दिवस आम्ही दोघी नेमाने गेलो. पंधराव्या दिवशी शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "मावशी, आज खुर्ची न धरता बसायचं हं."

मावशी बसल्या. पूर्ण बसल्या! आणि मी टर्रकन फाटले.

"पँटनेच राजीनामा दिला!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळी खोली हसली. मावशीही हसल्या, कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर पडल्या आणि जिन्यात कठडा धरून रडल्या.

घरी लेकीला म्हणाल्या, "माझंच चुकलं. अंगच असलं माझं."

मावशी, तुमचं अंग नाही हो, माझं माप चुकलंय! पण कापडाचं कोण ऐकतं?

लेकीने नाना परींनी विनवलं. मावशी पुन्हा गेल्या नाहीत. गुडघे आखडले, उभं राहवेना, काम सुटलं. आता चार महिने त्या जिना उतरलेल्या नाहीत. माझे पाय कापून त्यांनी पट्ट्या केल्यात, गरम पाण्याची पिशवी गुडघ्याला बांधायला. तिथे मी छान बसते, जराही काचत नाही. याची मला लाज वाटते.

कपडे बेतणाऱ्यांनो, कात्री लावण्याआधी एखाद्या जाड बाईला बोलवा. पँट घालून तिला बसायला सांगा, उठायला सांगा, कुठे ताण येतोय ते विचारा. सकाळभराचंही काम नाही ते.

आता आवरते. पिशवी निवली, मावशी माझी गाठ सोडताहेत. त्यांना उठायचंय, आणि लेक यायला अजून बराच वेळ आहे.