खोलीत किती माणसं

बाबा पियानो दुरुस्त करतात. दृष्टी गेल्यावरही कानांच्या जोरावर धंदा चालू राहिला. गिऱ्हाइकांची पत्रं मात्र संगणकातला एक प्रोग्राम मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याला आईने घडवलं होतं. कुठला ज 'जग'मधला आणि कुठला 'जीव'मधला, हे तिने त्याला एकेक शब्द धरून शिकवलं. ते सगळं सेटिंगच्या एका फाइलमध्ये साठलं होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली.

हा प्रोग्राम आमचीच कंपनी बनवते. नवी बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती निघाली तेव्हा बैठकीत मीच हट्ट धरला, की तिने जुन्या आवृत्तीचीच फाइल वापरावी. लोकांना सगळं पुन्हा शिकवायला लावणं म्हणजे नसता ताप. एका सकाळी मी बाबांच्या संगणकावर बीटा टाकली. तिच्यात एक नवी सोय होती: कॅमेऱ्यातून बघून खोलीत किती माणसं आहेत ते सांगायची.

दुपारी बाबांचा फोन आला.

"तुझी बीटा बंद करून जुनं उघडलं. ते म्हणतंय, खोलीत दोन माणसं. मी तर एकटाच आहे."

"जुन्याला कॅमेरा कळतच नाही, बाबा."

"म्हणून तर फोन केला. पाचव्यांदा सांगतंय."

मी तशीच निघाले. खोलीत पाऊल टाकलं आणि तो आवाज म्हणाला, "खोलीत तीन माणसं."

कॅमेऱ्याची वायर काढली. तरी तीन. बीटा पुसून टाकली. तरी तीन. तिने फाइलमध्ये काहीतरी लिहून ठेवलं असणार म्हणून ओळ न् ओळ वाचली. आईचे ज, आईचे च. बाकी काही नाही.

"बाबा, आई तर नसेल?"

"छे. तिचा श्वास मला ठाऊक आहे," बाबा हळूच म्हणाले. "ही ती नाही. तिने शिकवलेलं कुणालातरी आयतं मिळालंय."

"फाइल पुसली तर थांबेल कदाचित. पण आईचं सगळं जाईल. आधी प्रत काढून ठेवायला हवी होती, चुकलंच माझं. आता काढली तर हेही त्यात येणार."

बाबा बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"पूस."

पुसली. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला, सपाट, परक्या आवाजात. माणसांबद्दल चकार शब्द नाही. बाबांनी एका गिऱ्हाइकाचं पत्र उघडलं. "ज्यरा ज्यवळून बघाल का?" असं त्याने वाचलं. बाबा खो खो हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीत म्हटलं, बीटाची फाइल वेगळीच हवी. साहेबांनी कारण विचारलं.

"जुन्याला बाधा होते," मी म्हणाले. सगळे हसले. निर्णय मात्र झाला.

हल्ली संध्याकाळी मी बाबांकडे जाते आणि आम्ही दोघं त्या परक्या आवाजाला ज शिकवतो. बाबांनी खुर्ची भिंतीला टेकवून घेतली आहे. पाठीमागे ते आता जागा ठेवत नाहीत.